मधातला माणूस

चांद्याच्या कोर्टात वीस वर्षे वावरलेल्या, आणि तरीही ज्यांची जात, गाव किंवा वय कोणालाही खात्रीने सांगता येत नसे अशा एका गृहस्थांविषयी लिहिण्याचे मी योजिले आहे. ते कोर्टाचे दुभाषी होते. मी अर्जनवीस. माझे टेबल कोर्टासमोरच्या चिंचेखाली आणि त्यांची बसण्याची जागा कोर्टाच्या व्हरांड्यात, तिसऱ्या खांबाशी. एवढ्या अंतरावरून मी त्यांना वीस वर्षे पाहिले. त्यांपैकी निदान अठरा वर्षे मला त्यांचा राग होता, हे आरंभीच कबूल केलेले बरे.

सारे त्यांना दुभाषीजी म्हणत. गोंडी, माडिया, तेलुगू, हिंदी, मराठी आणि इंग्रजी अशा सहा भाषा त्यांच्या जिभेवर होत्या. कोणी म्हणे ते सिरोंचाच्या बाजूचे, कोणी म्हणे मिशनच्या शाळेत वाढलेले, तर कोणी म्हणे त्यांची आई राजगोंड होती. प्रत्यक्ष जात विचारली तर "दुभाषी" एवढेच उत्तर मिळे, आणि विचारणारा पुन्हा विचारू लागला तर तेच उत्तर ते उरलेल्या पाच भाषांत देत.

काळा कोट, त्याला एकही बटण नाही, खाली धोतर, आणि हातात पितळेची लोटी. ती लोटी हीच त्यांची सर्वांत मोठी प्रसिद्धी. साक्षीदार गोंडीत बोलला की दुभाषीजी शांतपणे उठत, व्हरांड्याच्या कठड्याशी जात, चूळ भरून बाहेर टाकत आणि परत येऊन त्याचे मराठी करीत. पुन्हा वकिलाचा प्रश्न गोंडीत करायचा झाला की पुन्हा चूळ. एका भाषेचे उष्टे दुसरीला लागू नये, असे त्यांचे म्हणणे. कठड्याखालची जमीन त्यामुळे बाराही महिने ओली असे आणि तेथे आपोआप उगवलेल्या झाडाच्या पपया कोर्टातल्या कारकुनांनी कित्येक वर्षे खाल्ल्या. नवे वकील वैतागत. जुन्या वकिलांनी ती वेळ पान खाण्याकडे लावली होती.

दुसरी खोड याहून अवघड होती. साक्षीदार जे बोलला ते दुभाषीजी "मी" म्हणूनच सांगत. "तो म्हणतो की" हे शब्द त्यांनी आयुष्यात उच्चारले नसावेत. नागपूरकडून एक नवे जज्जसाहेब बदलून आले, तेव्हा पहिल्याच दिवशी एका खुनाच्या खटल्यात दुभाषीजींनी चूळ भरली, ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "मी माझ्या भावाच्या डोक्यात कुऱ्हाड घातली. मला पश्चात्ताप नाही." साहेबांनी एकदम शिपायाकडे पाहिले. शिपाई पुढे सरकला. तेव्हा म्हातारे सरकारी वकील उठून म्हणाले, "हुजूर, हे आरोपी नाहीत, हे आपले पगारी आहेत."

याहूनही विचित्र म्हणजे साक्षीदार गप्प राहिला तर दुभाषीजीही तेवढाच वेळ गप्प राहत. मग म्हणत, "हे झाले माझे उत्तर." वकील म्हणे, अहो, काहीच बोलला नाही असे सांगा ना. त्यावर दुभाषीजींचे ठरलेले बोलणे, "बोलला नाई असं कसं सांगू, वकीलसाब? तुमी आयकलं नाई, असं म्हना. मी तर मधातला मानूस. इकडचं तिकडे नेतो. रस्त्यात खात नाई अन् रस्त्यात टाकत नाई."

आता माझ्या रागाचे कारण सांगतो.

अर्ज लिहिणे ही साधी गोष्ट नाही. खेड्यातून आलेला मनुष्य टेबलाशी उकिडवा बसून भलतेच सांगू लागतो. बैल कोणत्या रंगाचा होता, सासरा त्या दिवशी काय म्हणाला, वाटेत कोण भेटले. यातून सरकारला मानवेल असा मजकूर काढणे हे शास्त्र आहे. मी सातवीच्या परीक्षेस बसलेला मनुष्य. तिचा निकाल लागण्यापूर्वीच वडील वारल्यामुळे तो पाहण्यास मला जाता आले नाही. परंतु भाषेच्या बाबतीत मी कोणा पदवीधरास कधी हार गेलो नाही. माझ्यापाशी एक लाल कापडी बांधणीची नमुनावही होती. तीत वारसाचा अर्ज, बंदुकीच्या परवान्याचा अर्ज, जंगल गुन्ह्याच्या माफीचा अर्ज, असे नमुने मी स्वतः रचून सुवाच्य अक्षरात उतरविले होते. नावाची व गावाची जागा तेवढी कोरी. ती वही नवशिक्या अर्जनवीसांस मी हातही लावू देत नसे.

दुभाषीजी दुपारी चिंचेखाली येऊन उभ्याउभ्याच ती वही उलटीपालटी करीत आणि म्हणत, "मुन्शीभाऊ, तुया अर्जात शब्द लय हायेत बाप्पा. मानूस कुठी ठेवला?"

"अर्ज सरकारला लिहायचा असतो, दुभाषीजी. माणसाला नव्हे."

"सरकार का झाडावरून पडलं?"

आसपासचे पक्षकार हसत. ज्यांच्या अर्जाला मी हात घातलेला असे तेही हसत. अशा मनुष्याविषयी कोणास प्रेम वाटेल?

त्या वेळी आपला चांदा जिल्हा, आताचा चंद्रपूर, अजून मध्यप्रदेशात होता. चैत्रात महाकालीच्या यात्रेला तंबूतले टॉकीज येत असे. त्या वर्षी तंबूच्या मालकाने नागपूरहून देवादिकांचा बोलपट मागविला होता, पण रेल्वे पार्सलातून जी पेटी उतरली तिच्यात भलताच, इंग्रजी बोलपट निघाला. दुसरी पेटी येईपर्यंत चार दिवस लागणार, आणि यात्रा तर भरलेली. मालक कपाळाला हात लावून कोर्टात आला आणि त्याने दुभाषीजींना गळ घातली की पडद्याशेजारी उभे राहून काय चालले आहे ते लोकांना सांगा. दुसऱ्या दिवसापासून कोर्टाला सुटी होती. दुभाषीजी लोटी घेऊन गेले. मीही गेलो, कारण इंग्रजी बोलपट पाहणारास चांद्यात तेव्हा मान होता.

तंबूत दिवेलागणीनंतर पाय ठेवायला जागा नव्हती. पुढे जमिनीवर गोंड, कोलाम, तेलंगी यात्रेकरू, मागे बाकांवर आम्ही गावातले. दुभाषीजी हाती पत्र्याचा भोंगा घेऊन उभे. गोष्ट अमेरिकेतल्या एका खेड्याची होती. तेथे गोरे मालक आणि काळे मजूर. एका गोऱ्या जमीनदाराचा खून होतो आणि एका काळ्या मजुराला धरतात, कारण मेलेल्याचे घड्याळ त्याच्या झोपडीत सापडते. पुढे सगळे कोर्टच. बारा पंच, बाराही गोरे. गोऱ्यांनी बसायचे खाली, काळ्यांनी वरच्या सज्जात.

दुभाषीजींनी तेथेही आपला नियम सोडला नाही. आरोपी बोलला की ते "मी" म्हणून बोलत. "मी त्याले मारलं नाई साहेब. घड्याळ त्यानंच मले दुरुस्तीले नेऊन द्याले सांगतलं होतं." मशीन एकच असल्याने प्रत्येक रीळ संपले की दिवे लागत, आणि दुभाषीजी तंबूबाहेर चूळ भरायला जात. तेवढ्या वेळात तंबूचेच कोर्ट होई.

"बारा जनं गोरेच काऊन बसवले बे?"

"त्याईचं गाव, त्याईचे पंच."

"आन् मंग त्या काळ्याचं कोनी नाई का तेथी?"

"हाय ना, वरतं बसले हायेत. पाहून राह्यले."

पुढे बसलेली एक म्हातारी गोंडीन दुभाषीजी परत येताच त्यांच्या कोटाला धरून काही विचारू लागली. दुभाषीजी प्रथम म्हणाले, "माय, मले विचारू नोको. पडद्याले विचार." पण ती सोडीना. तेव्हा ते खाली बसले आणि गोंडीत तिच्याशी बोलले. नंतर मला कळले की तिने विचारले होते, हे लोक आपल्यातलेच कोणी तिकडे गेलेले आहेत काय. आणि दुभाषीजींनी सांगितले होते की नाही, समुद्रापलीकडचे आहेत, आपल्याशी काही नाते नाही, पण फॉरेस्टवाले तिकडेही आहेत. दुभाष्याच्या कामात स्वतःच्या पदरचे वाक्य त्यांनी घातल्याचे मला ठाऊक असलेले ते पहिले उदाहरण.

त्या बोलपटात एक चष्मेवाला कारकून होता. जमीनदाराने घड्याळ दुरुस्तीला दिले ही नोंद त्याच्याच हातची होती, आणि ती त्याने केलेली आम्ही पहिल्या रिळातच पाहिली होती. तो मनुष्य खटला चालू असताना मागच्या बाकावर गुडघ्यावर टोपी ठेवून बसलेला दिसे. रीळ बदलले की लोक ओरडत, "आता उठते पाह्य! आता चष्मेवाला उठते!" शेवटच्या रिळापर्यंत तो उठला नाही. पंचांनी दोषी म्हटले. दुभाषीजींनी भोंगा तोंडाशी धरून, आवाज न चढवता सांगितले, "मले फाशी झाली."

तंबूत जो गदारोळ झाला तो विचारू नका. कोणी पडद्यावर चप्पल फेकली. एक कोलाम गृहस्थ उभे राहून मोठ्याने विचारीत होते, "पर तो चष्मेवाला काऊन नाई उठला? त्याले मालूम होतं ना!" दुभाषीजी लोटी उचलून चालते झाले.

सकाळी मालक त्यांच्या दारी हजर. मी तेव्हा तेथेच होतो.

"दुभाषीजी, आज त्याले सोडून द्या ना."

"कोनाले?"

"त्या काळ्याले! लोक नाराज हायेत. इंग्रजी कोनाले समजते? तुमी म्हनान तेच खरं."

"मी सोडनारा कोन? जज्ज पडद्यावर बसला हाये."

"अवो, देवीची यात्रा हाय! गरिबाले सोडलं तं पुन्यच लागन तुमाले."

"पुन्य लागन, पर मंग तो मेला हे कोन सांगन?"

मालकाने त्यांना काढून टाकले आणि त्या संध्याकाळी स्वतः भोंगा धरला. पडद्यावर दोर खाली येत असताना तो ओरडून सांगत होता, निर्दोष सुटला, आता गळ्यात हार घालून सत्कार होत आहे. लोकांनी टाळ्या वाजविल्या. मीही वाजविल्या असत्या, पण शेजारी दुभाषीजी तिकीट काढून बसले होते.

परतताना मी त्यांना विचारले, "तो कारकून का उठला नसेल हो?"

"त्याले कोनी विचारलंच नाई ना, मुन्शीभाऊ." थोडे चालून ते म्हणाले, "वाईट नोयता तो. मले त्याच्याच तोंडचं सांगाचं होतं, अन् तो बोललाच नाई. मी काय सांगू?"

मी चष्मा वापरतो. हे मी तेव्हा मनात आणले नव्हते.

पुढचा प्रसंग वैशाखातला. गडचिरोली तहशिलीतल्या एका जंगलगावचा चैतू नावाचा गोंड चार महिन्यांपासून चांद्याच्या तुरुंगात होता. पौषात तेथील ठेकेदाराचा बांबूचा डेपो जळाला होता आणि तो चैतूने पेटविला असा आरोप होता. कारण असे सांगत की ठेकेदाराच्या माणसांनी गावच्या देवाच्या राईतला बांबू तोडायला घेतला, तेव्हा चैतू कुऱ्हाड घेऊन आडवा उभा राहिला होता. सजा झाली असती तर सात वर्षे तरी गेली असती. घरी बायको आणि दोन लहान मुली. पुराव्यादाखल ठेकेदाराचे दोन चौकीदार होते, पण ते उलटतपासणीत अडखळले. सरकारी वकिलांचा भरवसा एका कागदावर होता. तो कागद म्हणजे चैतूच्या अंगठ्याचा माफीचा अर्ज.

तो अर्ज माझ्या हातचा होता.

माझे अर्ज कोर्टात वाचले जाणार असले की मागच्या बाकावर जाऊन बसण्याचा माझा परिपाठ असे. स्वतःची रचना दुसऱ्याच्या मुखाने ऐकण्यात एक निराळेच सुख आहे. त्या दिवशीही मी त्यासाठीच गेलो. पौषातली ती सकाळ मला नीटशी आठवतही नव्हती. ठेकेदाराचे दिवाणजी एका गोंडाला घेऊन टेबलाशी आले होते. म्हणाले, "आगीची भानगड हाये, माफीचा कागद करून द्या, म्हंजे फॉरेस्टात मिटून जाईन." जंगल गुन्ह्यात असा कागद दिला की बहुधा दंडावर मिटत असे, हे सर्वांस ठाऊक. तो गोंड काही बोलला होता. मला गोंडी येत नाही. मी वही उघडली, आगीचा नमुना उतरविला, नाव भरले, अंगठा घेतला. फॉरेस्टात न जाता तो कागद पोलिसांकडे गेला, हे मला कळण्याचे कारण नव्हते.

सरकारी वकिलांनी तो वाचला. "मी एक रानटी, अज्ञान, निरक्षर गोंड असून मोहफुले वेचण्याकरिता झाडाखालील पाला जाळीत असता माझ्या हातून गफलतीने आग लागली. मायबाप सरकारने या जंगली लेकरास एकवार क्षमा करावी." खरे सांगतो, त्या क्षणीही ती वाक्ये माझ्या कानाला गोड लागली.

जज्जसाहेब म्हणाले, "आरोपीला हे समजावून सांगा."

दुभाषीजींनी चूळ भरली आणि माझा अर्ज गोंडीत सांगू लागले. रानटी आणि अज्ञान या शब्दांपाशी त्यांना थांबावे लागले, आणि त्यांनी ते एकेक करून सांगितले. चैतू मान खाली घालून ऐकत होता. पुढच्या शब्दांना त्याने मान वर केली. त्याने दुभाषीजींना तेच पुन्हा सांगायला लावले. आणि मग आरोपीच्या पिंजऱ्यात, हातात बेडी असलेला तो मनुष्य मोठ्याने हसू लागला.

"काय झाले? का हसतो तो?" साहेब रागावले.

चैतू हसतच काहीतरी बोलला. दुभाषीजी उठले, कठड्याशी गेले, चूळ भरली. इतका उशीर त्यांनी पूर्वी कधी केल्याचे मला स्मरत नाही. परत येऊन ते ताठ उभे राहिले.

"मी हसलो, साहेब, कारण पौष महिन्यात मोह फुलत नाही. मोह चैत्रात फुलतो. पौषात झाडाखाली पाला जाळून मी काय वेचणार? माझी लहान मुलगीही असे सांगणार नाही. हा कागद ज्याने केला त्याने कधी मोह वेचलेला नाही. मी त्याला सांगितले होते की आग लागली तेव्हा मी सोयऱ्याकडे दुसऱ्या गावी होतो. त्याने ते लिहिले काय?"

साहेब नागपूरचे, पण त्यांच्या शिपायापासून कोर्टाचे कागद वाचणाऱ्या रीडरपर्यंत सारे या मुलखातले. रीडर ओठ दाबून हसत होते. सरकारी वकील म्हणाले, "हुजूर, हे मागाहून सुचलेले बोलणे आहे. आरोपी आता हुशारी करतो. कारण लिहिण्यात चूक असेल, पण आगीची कबुली आहे. अंगठा त्याचाच आहे."

"अर्ज कोणी लिहिला?" साहेबांनी विचारले. "कागदावर लिहिणाराची सही पुसट आहे. लिहिणाऱ्यास बोलाविले आहे काय?"

"नाही, हुजूर."

मी मागच्या बाकावर होतो. टोपी गुडघ्यावर होती. दुभाषीजींनी माझ्याकडे पाहिलेही नाही. मला त्यांचा नियम माहीत होता. ते मधातले. कोणी सांगितले तरच सांगणार. त्यांनी एका बोटाने मला दाखविले असते तर मी कदाचित नाकारलेही असते. परवाना, इतक्या वर्षांचे नाव, ठेकेदाराचा राग, हे सगळे माझ्या डोळ्यांपुढून गेले. आणि त्यामागोमाग त्या तंबूतले कोलाम गृहस्थ उभे राहिले.

मी उठलो. "हुजूर, तो अर्ज माझ्या हातचा आहे."

मला पुढे घेऊन शपथ दिली. वकिलांनी विचारले, "आरोपीने तुम्हाला हे शब्द सांगितले?"

"नाही."

"मग कोणी सांगितले?"

"कोणीच नाही. आगीच्या प्रत्येक अर्जात मी हेच लिहितो."

"म्हणजे तुम्ही खोटे लिहिता?"

आयुष्यात मला एवढे अवघड प्रश्नपत्र कधी आले नाही. मी म्हणालो, "खोटे नव्हे, साहेब. रिवाजाचे लिहितो. आमच्याकडे आगीचे जे गुन्हे येतात ते बहुधा चैत्रात, मोहाच्या पाल्याचे. म्हणून नमुना तसा केला आहे. हा पौषातला होता, हे माझ्या ध्यानी आले नाही. तो काही बोलला होता. मी विचारले नाही."

साहेबांनी नमुनावही मागविली. मी स्वतः चिंचेखाली जाऊन ती आणली. ज्या वहीला मी नवशिक्यांस हातही लावू देत नसे, ती साहेबांनी अर्जाशेजारी ठेवली आणि ओळीवर ओळ लावून पाहिली. रानटी, अज्ञान, निरक्षर. जंगली लेकरू. एका शब्दाचा फरक नव्हता. वहीत जेथे कोरी जागा होती, तेथे कागदावर चैतूचे नाव होते.

"या नमुन्यावर आजवर किती अर्ज केलेत?" साहेबांनी विचारले.

मी बराच वेळ उभा होतो. शेजारी दुभाषीजी उभे होते, आणि त्यांनी माझे मौन कोणाला तोडू दिले नाही.

चैतू तिसऱ्या दिवशी सुटला. निकालात माझ्यावर कडक ताशेरे होते आणि माझा परवाना दोन महिने तहकूब झाला. माझ्या प्रतिस्पर्ध्यांनी पेढे वाटल्याचे ऐकतो. त्याच निकालात साहेबांनी असेही लिहिले की यापुढे गोंडी बोलणाऱ्याचा कोणताही अर्ज त्याला त्याच्या भाषेत वाचून दाखविल्याखेरीज, आणि तसे दाखविल्याची दुभाष्याची सही असल्याखेरीज, या कोर्टात घेऊ नये. ते वाक्य मी चांगल्या अक्षरात उतरवून घेतले आहे. ते माझ्या रचनेचे नसले तरी मला आवडते.

त्या दोन महिन्यांत दुभाषीजी रोज दुपारी माझ्या घरी येत. सांत्वन करणे त्यांना येत नसे. एकदा तेवढे म्हणाले, "तो पडद्यावरचा आता मले आवडत नाई." मी म्हटले, "कोण?" तर म्हणाले, "चष्मेवाला. बोलपट बनवनाऱ्यानं चांद्याले येऊन पाहाले पायजे होतं, आमचा तं उठला." त्यांनी मला गोंडी शिकविण्याचाही प्रयत्न केला. माझी जीभ वळेना. मी बोललो की आमच्या गोंड मोलकरणीची नातवंडे पोट धरून हसत, आणि दुभाषीजी गंभीरपणे सांगत, "हसू नोका बे. मुन्शी पयल्यांदाच दुसऱ्याचं तोंड वापरून राह्यला."

परवाना परत मिळाला त्या दिवशी टेबलावर पहिला अर्जदार कोण यावा? चैतू. आषाढ लागला होता. धरपकडीत पोलिसांनी त्याची कुऱ्हाड जप्त केली होती आणि ती अजून कोर्टाच्या मुद्देमालात पडून होती. दुभाषीजी त्याच्यासोबत आले होते. मी कागद घेतला, टाक बुडविला आणि सवयीने "मायबाप सरकार" एवढे लिहिलेही.

"थांब," दुभाषीजी म्हणाले. "त्यानं अजून तोंड उघडलं नाई."

मी तो कागद बाजूला ठेवला. चैतू उकिडवा बसून बोलू लागला आणि मी दुभाषीजींच्या तोंडून उतरवीत गेलो. "मी चैतू. कुऱ्हाड माझी आहे. तिचा दांडा मी धावड्याच्या लाकडाचा केला आहे. पाऊस आला आहे आणि घर शाकारायचे आहे. मी गुन्हा केला नाही, असे तुम्हीच म्हणालात. कुऱ्हाड द्या."

इतका छोटा अर्ज माझ्या टेबलावरून पूर्वी कधी गेला नव्हता. मला तो आत नेण्याची लाज वाटली. दुभाषीजींनी तो चैतूला गोंडीत वाचून दाखविला. चैतूने एका ठिकाणी दुरुस्ती सांगितली. "आला आहे" नव्हे, "येऊन आठ दिवस झाले". मी ती केली. अंगठा घेतला. दुभाषीजींनी सही केली.

रीडरने कागद उलटून पाहिला. "हे काय आणलं, मुन्शी? विनंती कुठाय याच्यात?"

मी म्हणालो, "त्याने जे सांगितले ते लिहिले आहे."

अर्ध्या तासाने कागद बाहेर आला. कोपऱ्यात साहेबांची अक्षरे होती, "द्यावी." शिपायाने मुद्देमालाच्या खोलीतून कुऱ्हाड आणून दिली. चैतूने ती हातात घेऊन दांडा वरून खाली चाचपला, पाते उन्हाकडे वळवले, आणि शाईने निळ्या झालेल्या अंगठ्याने धार पाहिली. त्याच्या कपाळावर आठी पडली. तो माझ्याकडे वळून तावातावाने बोलू लागला. दुभाषीजींकडे त्याने पाहिलेही नाही. आजवर माझ्या टेबलाशी कोणी गोंड अशा आवाजात बोललेला मी ऐकला नव्हता.

"काय म्हणतो?" मी विचारले.

दुभाषीजींच्या मिशा हलत होत्या. "मी चांगली कुऱ्हाड दिली होती. सहा महिन्यांत तुमच्या कोर्टाने तिला गंज लावला. हेही लिहा."

मी नवा कागद घेतला.